झाडावर मोड, ताटात मोड

गेल्या सोमवारी सकाळी पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला, तेव्हा मी अंगणवाडीच्या पत्र्यातून गळणाऱ्या धारेखाली बादली सरकवत होते. भाद्रपद संपत आला तरी पाऊस हटायला तयार नाही. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली, आणि मुलांच्या खिचडीचा तांदूळ-डाळ संपून चार दिवस झालेले. मला वाटलं, टेम्पो कधी निघतोय ते सांगायला फोन केला असेल. मॅडम म्हणाल्या, "ताई, पुरवठ्याला जरा वेळ लागेल. तोवर तुमचं ते मोडाचं सुरू करा ना. आणि फोटो टाका ग्रुपवर, बाकीच्या तायांना हुरूप येतो." मी "बघते" म्हटलं आणि फोन पिठाच्या डब्यावर आपटला. शेवंताबाई, माझी मदतनीस, कोपरा झाडत होती. तिनं मान वर केली नाही. फोन कुणाचा आणि कशाचा, ते तिला आपटण्यावरूनच कळलं होतं.

तुमचं ते मोडाचं! जणू काही मी दुपारच्या वेळी हौसेनं तोरणं विणते आणि मॅडमना त्यांतलं एखादं हवं आहे. राग मला पटकन येतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आमचे हे म्हणतात, तुझ्या रागावर भाकरी भाजून निघेल. पण हा राग दोन वर्षं मुरलेला आहे, आणि तो मोडांवरचा आहे असं मात्र कुणी समजू नये. मोड बिचारे काय करणार? ओल मिळाली की दाणा फुटतो. कुठे फुटतोय, कुणाच्या कामाला येतोय, हे त्याला कळत नाही.

आमचं गाव नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवरचं. दोन्ही जिल्ह्यांना वाटतं की आम्ही दुसऱ्याचे. पावसाळ्यात ओढा भरला की आम्ही कुणाचेच नसतो. दोन वर्षांपूर्वी असाच पाऊस लागला होता, तोही मूग काढणीला आल्यावर. शेंगा काळ्या पडून वाळायला लागल्या होत्या, बाया ठरल्या होत्या, आणि नेमका त्याच दिवशी जो सुरू झाला तो थांबेचना. पाचव्या दिवशी आमचे हे रानातून चिखल तुडवत आले, ओट्यावर बसले आणि खिशातून चार शेंगा काढून माझ्यापुढे ठेवल्या. शेंगा फुगून उकलल्या होत्या आणि प्रत्येकीतून पांढऱ्या शेपट्या बाहेर आल्या होत्या. आमच्याकडे कुणी "मोड आले" म्हणालं तर कशाला आले, असं कुणी विचारत नाही. फक्त "लई?" एवढंच विचारतात. मीही तेच विचारलं. "समदंच," ते म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

त्याच आठवड्यात पूल पाण्याखाली गेला. अंगणवाडीतला तांदूळ मी पुरवून पुरवून वापरत होते, तोही संपला. माझ्या पटावर तेव्हा बत्तीस मुलं. त्यांतली निम्मी अशी, की अंगणवाडीत जे खातील तेच दिवसातलं धड खाणं. पावसानं रानातली कामं बंद, म्हणजे आईबापांची मजुरी बंद. मुलं दहा वाजता नेमानं यायची, आपापली ताटली पुढे घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि माझ्याकडे बघायची. मी त्यांना गाणी म्हणायला लावत होते. उपाशी मुलांकडून गाणी म्हणवून घेणारी बाई स्वतःला काय समजते, असा प्रश्न तिसऱ्या दिवशी माझा मलाच पडला.

त्यांत आरोही होती. तीन वर्षांची, सविताची मुलगी. सविता माहेरची देगलूरकडची, त्यामुळे तिच्या मराठीत अधूनमधून तेलुगू डोकावतं. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर, कधी येतो, कधी येत नाही. आरोहीचं वजन नऊ किलोला दोनशे ग्रॅम कमी. आमच्याकडे मुलांच्या दंडाला गुंडाळायची एक पट्टी असते. हिरवा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धोका. आरोहीच्या दंडाला पट्टी लावली की ती लालमध्ये थांबायची. तिला जादा आहाराची पाकिटं मिळत होती, तीही तांदळाबरोबरच संपली. पोरगी रडायचीसुद्धा नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. रडणारं लेकरू मागतं तरी.

मोड काढायचं तेव्हाच मनात आलं. गॅस नसला तरी चूल होती, भाजी नसली तरी दाणे होते. आणि इथेच मी अशी चूक केली की सांगायला अजून लाज वाटते. पावसात भिजलेला, झाडावरच मोड आलेला मूग आम्ही शेंगा तोडून घरात पसरला होता, पंख्याखाली, चुलीच्या धगीला, जमेल तसा वाळवला होता. व्यापारी तो हातात धरणार नव्हता. मला वाटलं, वाया कशाला घालवायचा? बुरशीचे काळे दाणे निवडून टाकले, चांगले दिसणारे भिजवले, फडक्यात बांधले. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर असा वास आला की मी मागे सरले. दाणे बुळबुळीत, बोटांना चिकटणारे. शेवंताबाईनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हा मूग एकदा उगून बसलाय. आता पुन्हा कामून उगल?"

मी शेतकऱ्याची मुलगी, शेतकऱ्याची बायको. दर उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या घरात बियाणं तपासतात. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि किती दाण्यांना कोंब आले ते मोजायचं. सत्तर आले तर पेरायचं, कमी आले तर बी वाढवायचं. लग्नाआधी बापाच्या घरी ते मोजायचं काम माझंच होतं. आणि मी मेलेला दाणा भिजवून मुलांना घालायला निघाले होते. बत्तीस ताटल्या समोर असल्या की माणसाची अक्कल अशी चुलीत जाते. ते गाठोडं शेळीपुढे टाकलं तर तिनंही तोंड फिरवलं.

मग उरला आदल्या वर्षीचा मूग, राखेत घोळून पत्र्याच्या डब्यात ठेवलेला, पुढच्या पेरणीसाठी. मी डब्याकडे बघत उभी राहिले तेव्हा आमचे हे म्हणाले, "बियाचं हाय ते."

"म्हाईत हाय."

"यंदाचा तर गेलाच. पुढल्या साली काय पेरावं मग?"

 मग उठून त्यांनी स्वतःच डबा खाली काढून दिला. "पायलीभर तरी ठेव," एवढं म्हणाले. सरकारी साहेबांच्या भाषणात ज्याला लोकसहभाग म्हणतात, तो असा असतो.

त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर चुलीशेजारी खुंटीला लटकलेलं ते ओलं गाठोडं. माझ्या जुन्या सुती पातळाचा तुकडा. सकाळी भिजवलेला मूग संध्याकाळी उपसून त्यात बांधायचा. गार हवेत मोड लवकर येत नाहीत, म्हणून चुलीची ऊब द्यायची, पण इतकी नाही की वाळेल. आतून कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास यायचा. दीड-दोन दिवसांनी गाठ सोडली की दाणे फडक्याच्या विणीत शेपट्या अडकवून बसलेले असायचे, ते एकेक सोडवावे लागायचे. मग उकळत्या पाण्यात चांगले शिजवायचे, कारण पुराच्या पाण्याचा भरवसा नव्हता. मीठ, हळद, आणि कुणी दिला तर गुळाचा खडा, दाण्याचं कूट. लहानांना चावत नाहीत म्हणून ठेचून. खाताना मुलं बोलत नसत. पत्र्यावर पाऊस आणि खाली बत्तीस तोंडांचं चावणं. मला तो आवाज इतका आवडायला लागला होता की मी खिडकीही उघडत नसे.

सविता पहिल्या दिवशी ताटली बघून म्हणाली, "आमच्याकडं ह्याला मोलकलू म्हनतेत. बाळंतिणीला देतेत." आणि आरोहीला मांडीवर घेऊन बोटानं भरवत बसली. रानात काम नव्हतं म्हणून ती दिवसभर घरी होती, हेही खरं. पोरीला आई मिळत होती आणि मूग मिळत होता. अठरा दिवस मी मोड काढत होते, आणि तांदळासाठी मॅडमना फोन करायचे तेव्हा तेही सांगायचे. पंधराव्या दिवशी दंडाला पट्टी लावली तर ती लालच्या कडेवरून पिवळ्यात सरकली होती. अगदी सुतभर. मी तीनदा लावून पाहिली. शेवंताबाईला दाखवली, सविताला दाखवली, सविताला त्यातलं काही कळलं नाही पण ती हसली. त्या दिवशी मला वाटलं होतं की मी काहीतरी मोठं केलं.

मग पाणी उतरलं आणि जीप आली. मॅडम आणि त्यांच्याबरोबर फोटो काढणारा एक जण. पोषणाच्या कार्यक्रमाचा महिना चालू होता. त्यांनी माझी मोडांची परात पाहिली आणि हरखून गेल्या. "ताई, कमाल केलीत. थांबा, नीट मांडू." पर्समधून पिशवी काढली. पिशवीत टोमॅटो आणि कोथिंबीर. मोडांचं फूल, टोमॅटोच्या पाकळ्या, मधे कोथिंबिरीची काडी. मला हाताला धरून परातीमागे उभं केलं. मी त्या पिशवीकडे बघत होते. तालुक्याहून इथवर टोमॅटो येऊ शकतात, तांदूळ येऊ शकत नाही, हे गणित मला तेव्हा समजलं नाही. मी हसले, फोटोत मी हसते आहे. फोटो झाल्यावर टोमॅटो मुलांनी खाल्ले, तेवढा एक फायदा झाला.

त्याच सुमारास घट बसले. घरोघरी देवीपुढे परडीत माती घालून धान्य पेरलं, आणि ओलसर हवेनं ते तिसऱ्याच दिवशी तरारून वर आलं. शेवंताबाई आमच्या घटापुढे हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "शेतात मोड, देवापुढं मोड, ताटात मोड. कुठं जावं माणसानं?" आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पुढे मला तालुक्याला बोलावलं. एका हॉलमध्ये बऱ्याच अंगणवाड्यांच्या ताया बसलेल्या, आणि मी मंचावर, मोड कसे काढायचे ते दाखवायला. फडक्याची गाठ कशी मारायची ते हॉलभर बायकांना मी शिकवत होते, ज्यांतल्या प्रत्येकीच्या आईनं ते तिला शिकवलेलं होतं. नंतर एक साहेब बोलले. "बघा, एक मूठ मूग भिजवला की तीन मुठी मोड. कुणाच्याही मदतीवाचून अन्न तिप्पट." टाळ्या पडल्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती म्हण मला तिथे उभ्या उभ्या आठवली. मला उठून सांगायचं होतं, साहेब, मूठ तीच आहे. वाढलं ते पाणी. दाणा फुगतो, परात भरते, फोटो भरतो, पण लेकराच्या अंगाला मूठभरच मूग लागतो. अडल्या वेळी तो सोन्यासारखा आहे, त्यात वाद नाही. पण अडलेली वेळ अठरा दिवस चालू ठेवायची आणि वर टाळ्या वाजवायच्या, हे कुठलं शहाणपण? हे सगळं मला सांगायचं होतं. मी प्रमाणपत्र घेतलं, समोसा खाल्ला आणि गाडीत बसून घरी आले. माझ्या रागाचं हे असं आहे, तो मागाहून डब्यावर निघतो.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. आरोही पिवळ्यात आली म्हणून तिची जादा पाकिटं बंद झाली. नियमच तसा, लालमधून बाहेर आलं की यादीतून नाव जातं. तिच्या नावापुढे मीच माझ्या हातानं "सुधारणा" असं भरलं होतं. आणि पुढचा तांदूळही उशिरा आला, त्याच्या पुढचाही. दिवाळीच्या आधी तर इतका उशीर झाला की मी उरलेली पायलीही भिजवली. तोवर सविता सोयाबीनच्या काढणीला जायला लागली होती, उजाडता जायची आणि दिवस बुडता यायची. आरोहीला ताप आला. चार दिवसांत पोरगी अशी उतरली की पट्टी लावायची गरजच राहिली नाही. मी आणि सवितानं तिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे चौदा दिवस काढले. दवाखान्याबाहेर सकाळी एक गाडा लागायचा. काचेच्या बरण्यांत मूग, मटकी, हरभऱ्याचे मोड, वर लिंबू, कांदा, चाट मसाला. फिरायला आलेले लोक पांढरे बूट घालून उभ्यानं द्रोण संपवायचे. सविता चहा घ्यायला माझ्याबरोबर खाली आली होती, ती बराच वेळ त्या गाड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, हे बी मोलकलूच खाऊन राहिले. ह्यांचा बी टेम्पो आला न्हाई का?" ती थट्टा करत नव्हती. मी तिला चहा दिला आणि दुसरीकडे बघितलं. आरोही वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणलीत. मला ते "वेळेत" कानात रुतलं, कारण वेळ कुणी आणि कुठे घालवला होता, ते मला नीट ठाऊक नव्हतं.

आता आरोही पाच वर्षांची आहे. तिची पट्टी पिवळ्यात हेलकावे खाते, पावसाळा आला की खाली येते. म्हणून गेल्या सोमवारी फोन आपटल्यावर मी आधी काय केलं असेल, तर पुन्हा साठवलेल्या बियाण्यातला मूग भिजवला. न भिजवण्याइतका दगड मी अजून झाले नाही. पण यावेळी गाठोडं अंगणवाडीत नेलं नाही. मोड माझ्या घरी काढले, घरीच शिजवले, आणि शेवंताबाईनं मुलांना चार-चार करून माझ्या मागच्या पडवीत आणून जेवू घातलं. अंगणवाडीत मी मुलांना भिंतीला टेकून बसवलं, पुढ्यात रिकाम्या ताटल्या ठेवल्या आणि फोटो काढला. परातीचाही काढला, पालथी घातलेली. दोन्ही ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "आज सातवा दिवस. आहार नाही." रोजच्या वहीतही तेच लिहिलं.

नेहमी माझ्या फोटोंवर अंगठे आणि फुलं पडतात. त्या दिवशी ग्रुप गप्प. पाच मिनिटांत मॅडमचा फोन. "ताई, हे काय टाकलंत? वरचे साहेब आहेत ग्रुपवर. काढा ते. मोडाचा टाका."

"मोड न्हाईत मॅडम. बियाणं संपलं."

"असं कसं संपलं?"

"मुलांनी खाल्लं, दोन वर्षांमागं," मी म्हटलं. पडवीत माझ्यासमोर आरोही ठेचलेले मोड तोंड भरून चावत होती आणि मी धडधडीत खोटं बोलत होते. या नोकरीत इतकी वर्षं झाली, खोटं कधी लिहिलं नव्हतं. यावेळी लिहिलं, सहीसुद्धा ठसठशीत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रिकाम्या ताटल्यांचा फोटो टाकला. "आठवा दिवस."

तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. पूल अजून पाण्याखालीच होता. टेम्पो पलीकडच्या काठाला थांबला, गावातली माणसं गुडघाभर पाण्यातून गेली आणि डोक्यावरून पोती आणायला लागली. तासाभराचं काम. मीही गेले, पोती मोजून सही करायला. ड्रायव्हर विडी ओढत बसला होता, साधा माणूस, वयानं माझ्याएवढा. मी म्हटलं, "दादा, असं इथवर येता येत होतं तर दोन वर्षांमागं अठरा दिवस कामून लावले?"

"तव्हा बी मीच होतो की ह्या लाइनीवर," तो म्हणाला. "पोती गोडाऊनलाच पडून होती, ताई. माल सगळ्यांना पुरत नव्हता. मला म्हनले, त्या गावाची घाई न्हाई, तिथली ताई मोड काढून भागवून राहिली, आधी दुसरीकडं जा. दिवाळीला बी तसंच म्हनले." मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमीच का त्या मोडाच्या ताई?"

मी मान हलवून "हाव" म्हटलं. सही केली. एक पोतं उरलं होतं, ते मी स्वतः डोक्यावर घेतलं, कुणाला हात लावू दिला नाही, आणि पाण्यात उतरले. मधोमध पाणी मांडीला लागलं तेव्हा मला रडू यायला लागलं, पण पोतं डोक्यावर होतं, डोळे पुसता येईनात. मॅडमवर राग होता, साहेबांवर होता. पण त्या क्षणी सगळ्यात जास्त राग कुणाचा आला, तर त्या बाईचा, जिनं तीनदा पट्टी लावून पाहिली होती आणि जिला वाटलं होतं आपण काहीतरी मोठं केलं. मी मोड इतके चांगले काढले नसते, तर तांदूळ लवकर आला असता. मी "सुधारणा" लिहिलं नसतं, तर पाकिटं चालू राहिली असती.

अलीकडच्या काठावर सविता उभी होती. तिनं पुढे येऊन माझ्या डोक्यावरचं पोतं उतरवून घेतलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताई, तुमी व्हता म्हनून माझी पोरगी जगली."

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.